लुगड्याचं अस्तर

प्रिय विश्वजीत,

दुसरी गोळी पहिलीच्या खाली चार बोटांवर बसली. मी खळग्याची खोली मोजली, वहीत आकडा लिहिला आणि सर्जेरावांना तिसरीसाठी खूण केली. त्यांनी पिस्तूल थोडं डावीकडे वळवलं. आमच्याकडे पिस्तूल कुणी हातात धरत नाही. ते लोखंडी पकडीत आवळलेलं असतं आणि आपण भिंतीच्या अलीकडून कळ दाबतो. पाच मीटरवर मातीचा ठोकळा असतो, कणकेसारख्या मऊ मातीचा, आणि त्याला बुलेटप्रूफ जॅकेट बांधलेलं असतं. गोळी जॅकेटात अडली तरी तिचा धक्का मागं जातो. मातीत जेवढा खळगा पडला तेवढा माणसाच्या छातीत पडला असता, असं धरायचं. चव्वेचाळीस मिलिमीटरपर्यंत चालतं. चिकलठाण्याच्या या कारखान्यात अकरा वर्षं मी खळगे मोजते आहे आणि मला ते काम आवडतं, हे तुला माहीत आहे. आज जेवणाच्या सुटीत बांधलेलं जॅकेट मात्र कारखान्याचं नव्हतं. ते तुझं होतं.

चिडण्याआधी पूर्ण वाच. मंगळवारी तुझा फोन आला तेव्हा मी गवार मोडत होते. पाच वर्षं टेबलाशी बसून दुसऱ्यांनी आणलेली दृश्यं कापलीस, आता पुन्हा कॅमेरा घेऊन सरहद्दीवर निघालास, आणि आवाज कॉलेजात होता तसा झाला होता. मला बरं वाटलं. शुक्रवारी दाजी दिल्लीला येतच आहेत, त्यांच्याबरोबर माझं जॅकेट पाठव, म्हणालास. चॅनेलची चार जॅकेटं पंधरा जणांत फिरतात, त्यांना दुसऱ्याच्या घामाचा वास येतो. तुझं नऊ वर्षांपूर्वीचं, पण त्यातली पाच वर्षं ते पिशोरला आईच्या पेटीत होतं, म्हणजे ताई, नवंच की गं. मी हो म्हणाले. कारखान्यात रोज दहा जणांना जे सांगते ते तुला सांगितलं नाही. नुसतं पडून आहे म्हणून जॅकेट नवं राहत नाही. गोळी अडवणाऱ्या आतल्या पिवळ्या कापडाला घाम लागतो, दमट हवा लागते, घडी पडते, आणि ऊन तर त्याला अजिबात सोसत नाही. आम्ही लेबलावर पाच वर्षं लिहितो. सहाव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी ते कुजतं असं नाही. त्या दिवसापासून त्याच्याबद्दल कुणी छातीठोकपणे बोलू शकत नाही, एवढंच. नीट ठेवलेलं आठ वर्षांचं जॅकेट पास झालेलं मी पाहिलं आहे. गाडीच्या डिकीत टाकलेलं तीन वर्षांचं नापास झालेलंही पाहिलं आहे. म्हणून मला आधी बघायचं होतं, ते कसं ठेवलं गेलं.

बुधवारी आई ते घेऊन आली. पिशोरहून एसटीनं, मांडीवर धरून. कंडक्टरनं विचारलं म्हणे, मावशी, लढाईला निघाल्या काय? ती म्हणाली, नाय रे बाबा, लेकीच्या घरी चालले, तिथंबी लढाईच असती. अख्खी गाडी हसली, हे तिनं मला तीन वेळा सांगितलं. तब्येत छान आहे तिची. येताना कुरडया आणल्या, माझ्या स्वयंपाकघरातल्या बरण्या नव्यानं लावल्या, आणि दाजींना, लई वाळले तुमी जावईबापू, असं म्हणून तिसरी भाकरी वाढली.

ती दुपारी लवंडली तेव्हा मी जॅकेट उघडलं. वरची कापडी खोळ तीच होती, तुझ्या नावाची पट्टी तीच. आतला तुकडा बाहेर काढला आणि तो हिरवा होता. विश्वजीत, आतल्या तुकड्याला आम्ही एक काळी पिशवी चढवतो. ती चारी बाजूंनी चिकटवून बंद केलेली असते, पाणी आणि उजेड आत जाऊ नये म्हणून. ती कधीच उघडायची नसते. इथं ती पिशवी नव्हती. तिच्या जागी आईचं हिरवं लुगडं होतं, आपल्या वडिलांनी कन्नडच्या बाजारातून आणलेलं, आणि त्याला चारी बाजूंनी धावदोरा. गोधडीचा. तिचा टाका मी झोपेतही ओळखेन, दर सातव्या टाक्याला ती दोरा ओढून घेते.

उठल्यावर मी सहज विचारलं. ती खुशीत सांगायला लागली. तू सुटीवर यायचास तेव्हा तुझ्या पाठीवर घामोळं असायचं. ते काळं मेणकापड चरचर वाजायचं. लेकराला कशी झोप लागावी त्यात? म्हणून तू दुसऱ्यांदा घरी आलास तेव्हा, आठ वर्षांमागं, तिनं ते कापून फेकलं आणि मऊ लुगड्याचं अस्तर घातलं. तुला सांगितलं नाही, कारण तू नको म्हणाला असतास. त्यानंतर तीन वर्षं तू तेच घालून फिरलास. आणि पेटीत आल्यावर दर वैशाखात गोधड्यांबरोबर तिनं त्याला ऊन दाखवलं. अस्तर धुवायला काढायचं, आतलं पिवळं दोरीवर टाकायचं, मधोमध, दोन्हीकडं सारखं लोंबेल असं. आठ-आठ दिवस. कसर लागू नाय म्हणून, दीपे. मी, व्हय आई, एवढंच म्हणाले.

त्याच संध्याकाळी तुझ्या ऑफिसातल्या मोनालीला फोन करून नव्या जॅकेटसाठी चॅनेलचं पत्र मागितलं. तिला तुला सांगू नको म्हटलं. तरीही गोळ्या का झाडल्या, असं विचारशील. कारण जॅकेट टिकेल की नाही हे कळायला ते मारावंच लागतं, आणि मारलेलं परत घालता येत नाही. कारखान्यात एका गठ्ठ्यातली दोन मारतो आणि बाकीच्यांची खात्री धरतो. तुझं एकटंच होतं. नुसती तारीख सांगितली असती तर तू हसून ते चढवलं असतंस. तू तारखेवर विश्वास ठेवणारा नाहीस, भोकावर ठेवशील. अस्तर मी आधी काढून घेतलं. पहिली गोळी अडली, खळगा अडतीस. दुसरीही अडली, पण खळगा एकावन्न. तिसरी मी सर्जेरावांना मुद्दाम दोरीच्या घडीवर घ्यायला सांगितली होती. तिथं छातीवर आडवा तपकिरी पट्टा पडला होता, भाजलेल्या पापडाच्या रंगाचा. ती अडली नाही. मातीत माझं बोट मुळापर्यंत गेलं. सर्जेरावांनी मला पाणी दिलं. त्या पट्ट्याचा एक तुकडा पाकिटात घातला आहे. उजेडाकडे धरून बघ.

आता चांगलं सांगते. मोनालीनं चॅनेलचं पत्र आजच पाठवलं, सर्जेरावांनी कागद केले, आणि या महिन्याच्या गठ्ठ्यातलं नवं जॅकेट तुझ्या मापाचं मिळालं. त्याच्या दोन भावंडांवर मी स्वतः गोळ्या झाडून घेतल्या आहेत. एकही खळगा तेहतीसच्या वर नाही. आडवं ठेव, टांगू नकोस, घडी घालू नकोस, काळी पिशवी उघडू नकोस. तुझी जुनी नावपट्टी मी त्यावर लावली. लुगड्याचं अस्तर धुऊन, घडी करून जॅकेटच्या वरच्या खिशात ठेवलं आहे. तेवढंच हिरवं जाईल तुझ्याबरोबर.

हे सगळं फोनवर दोन मिनिटांत झालं असतं. पण फोनवर बोलताना आई समोर बसलेली असते, म्हणून पत्र. त्या अस्तरानं तुला सुखरूप आणलं असं ती आठ वर्षं मानते आहे. तीन वर्षं तू उघडा फिरलास, हे तिला कळू नये. आणि दुसरं, जे तुझ्यापासूनही लपवणार होते. दर वैशाखात मी दोन दिवस पिशोरला असते. दोरीवर ते पिवळं मी पाहिलं आहे. गच्चीवर गोधड्यांच्या पलीकडे, लांबून. मला वाटलं एखादं जुनं पांघरूण असेल. अकरा वर्षं याच कापडाचे खळगे मोजते, आणि आपल्याच गच्चीवर ते ओळखलं नाही. आईला उन्हाबद्दल एक शब्द कधी सांगितला नाही. चूक तिची नाही, माझी आहे. म्हणून ती फोनवर विचारेल, अंगात घातलं का रे, तर तू फक्त व्हय म्हण. माझ्यासाठी म्हण.

तुझीच,
खळगे मोजणारी ताई

शुक्रवार सकाळ. पाकीट अजून बंद केलेलं नाही. शेंगदाण्याची चटणी ठेवायला आईनं दाजींची बॅग उघडली. जॅकेटवरून हात फिरवला, म्हणाली, दीपे, हे आपलं नाय. मी खरं सांगितलं, सगळं, गच्चीचंही. तिनं खिशातली लुगड्याची घडी काढून उलगडली. मग म्हणाली, मंग ह्याला अंधारात ठेवाया पिशवी लागंल की. सुई मागितली. दाजींचा चहा होईपर्यंत तिनं अस्तराची पिशवी शिवली आणि जॅकेट आडवं तिच्यात सरकवलं. दाजी साडेसातला विमानतळाकडे निघाले.