पाटीवरचा भित्रा आकडा

सोमवार, ३ तारीख
लेकीच्या बेकरीचं उद्घाटन रविवारी अकराला. भाषण माझं. ओव्हन पोचवण्याचं कामही मीच मागून घेतलं. तिने टेम्पो ठरवला होता, तो रद्द करायला लावला. घरची पिकअप असताना टेम्पो? प्रश्न स्वाभिमानाचा आहे. ओव्हन ७८० किलो. गाडीच्या दाराआड कंपनीची पाटी आहे: पेलोड १०५० किलो. आकडा भित्रा वाटतो.

मंगळवार, ४
गॅरेजच्या मिस्त्रींना विचारलं, हा आकडा येतो कुठून. म्हणाले, कंपनी स्प्रिंगचे पाटे, अ‍ॅक्सल, टायर, ब्रेक सगळं वेगवेगळं तपासते. जो भाग आधी हात टेकतो, त्याच्या हिशेबाने भरल्या गाडीचं वजन ठरतं. आपल्या गाडीचं २८००. त्यातून रिकाम्या गाडीचे १७५० गेले की उरतो तो पेलोड. म्हणजे एका दुर्बळाच्या मतावर साऱ्या सबळांचं भवितव्य! साम्राज्यं याच चुकीने बुडाली. मिस्त्रींना तीन दाखले दिले. ते मधेच चहाला गेले.

बुधवार, ५
ठराव: गाडी बळकट करणे. जादा पाटे बसवून घेतले. मिस्त्री म्हणतात, पाट्यांनी ब्रेक वाढत नाहीत, आकडा तोच. कारकुनी वृत्ती.

गुरुवार, ६
मागे लोखंडी पिंजरा वेल्ड केला, पुढे जाडजूड गार्ड. गाडी नव्हे, रणगाडा. माझ्या अंदाजाने पेलोड आता दीड टन. ही म्हणाली, म्हशीला ताकद यावी म्हणून तिच्याच पाठीवर पेंडीचं पोतं बांधलंत. हिला यंत्रशास्त्र कळत नाही.

शनिवार, ८
भाषण तयार. चौदा पानं. लेक म्हणते, वाटेत वजन करू. पुढच्या नाक्यावरून जादा भाराच्या गाड्या परत पाठवतात म्हणे. करू. शंकेखोरांची तोंडं बंद होतील.

रविवार, ९. सकाळी ७.१०, वजनकाटा
२८६६. काटा खोटा. पुन्हा करायला लावलं.

७.१५
२८६६. काटेवाला म्हणतो, पाटे, पिंजरा, गार्ड मिळून दीड-पावणेदोनशे किलो सहज. आणि आत बसलेली माणसंही पेलोडमध्येच धरतात. हे पाटीवर ठळक लिहायला काय झालं होतं? पिंजरा कापायचा तर दुपार होईल. ओव्हन तापायलाच दोन तास लागतात.
लेकीने आकड्याकडे पाहिलं, ओव्हनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"बाबा, तुम्ही उतरा. मी नेते गाडी."

७.२०
२७७०. गाडी गेली. मी बसने जायचं ठरलं. त्यागाशिवाय कार्य उभं राहत नाही.

११.२५
बस नाही. लेकीचा फोन आला. दुकान उघडलं, पहिले पाव संपले. मी भाषणाचं विचारलं. मिस्त्री दोन वाक्यं बोलले, टाळ्या पडल्या म्हणे.
चौदा पानं वाया कशी घालवू? इथेच सुरुवात केली. काटेवाल्याने दीड पान ऐकलं. मग हात जोडून म्हणाला, काका, काट्यावरून जरा खाली उतरा, मागे ट्रक थांबलाय.