बर्फातलं औषध

आये, तुझ्या पायाला जे झालं होतं ती शुगर होती. तुला तेव्हा कुणी सांगितलं नाही, आणि आता सांगून तुझा काही फायदा नाही. पण मला ठाऊक आणि तुला नाही, हे मला पटत नाही म्हणून लिहिते. चौथीपर्यंत शिकले तेवढंच येतं, पुढे तू शाळा सोडवलीस आणि डोक्यावर म्हावऱ्याची टोपली दिलीस. अक्षर वाकडं आहे. तुला कुठे वाचता येत होतं, तेव्हा चालेल.

दिवाळीनंतर माझ्या डाव्या पायाच्या करंगळीला जखम झाली. कशानं झाली तेही कळलं नाही, कारण त्या पायाला आता काही कळतच नाही. खेकडा चावला तरी मला लोकांनी सांगावं लागेल. तुझीही सुरुवात अशीच होती, खडकावरची कालवं काढताना शिंपलं लागलं एवढंच. तू हळद भरलीस, चुना भरलास, कुणी सांगितलं तो पाला बांधलास, आणि तशीच टोपली घेऊन रेवसच्या लाँचमध्ये चढत राहिलीस. मोरीत तू बसून गेलीस की मुंग्या लागायच्या, ते बघून आपण हसायचो. आये गोड झाली, म्हणायचो. मग पाय काळा पडला. भाऊच्या धक्क्यापलीकडच्या मोठ्या दवाखान्यात गुडघ्यापासून काढला, आणि बाकीची तू त्यानंतर महिनाभर टिकलीस. तेव्हा मी बाळंतीण होते, पोर मांडीवर होतं. तुझ्या खाटेजवळ बसायचे ते जखमेचा वास येऊ नये म्हणून वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसायचे. तुला ते कळत होतं. म्हणून माझी जखम बघितली तेव्हापासून मला एकच गोष्ट पाहिजे आहे, हा पाय माझा माझ्याकडे राहिला पाहिजे. बाकी डोळे जाऊ देत, दात तर गेलेच आहेत.

आमचा एक म्हातारा डॉक्टर होता. वीस वर्षं त्याच्याकडे गेले. मी दारात दिसले की कागद न बघता म्हणायचा, "काय, कुणाच्या हळदीला जेवलीस काल?" शिव्या घालायचा, पण माझ्या घरात किती माणसं, मी किती वाजता उठते, काय लपवते, सगळं त्याला माहीत. तो गेला मुलाकडे पुण्याला, दवाखान्याला कुलूप. तेव्हापासून, आये, मी डॉक्टर बदलत नाही, डॉक्टर माझ्यावर बदलतात. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दर खेपेला खुर्चीत नवं पोर. पहिल्यानं मान वर न करता विचारलं, "शुगर कधीपासून? घरात कुणाला होती? भात खाता का?" खाते म्हटलं. "भात बंद करा, भाकरी खा." म्हटलं, डॉक्टर, आमची भाकरीपण तांदळाचीच. "मग ज्वारीची खा," म्हणाला, जशी काय ज्वारी आमच्या खाडीत पिकते. इन्सुलिन लिहून दिलं, दहा युनिट सकाळी, दहा युनिट संध्याकाळी. दुसरा आला, त्यानं पुन्हा विचारलं, कधीपासून, घरात कुणाला. शुगर तीनशेच्या वरच. त्यानं दहाची सोळा युनिट केली. मुलगा वैतागला, त्यानं पनवेलकडच्या मोठ्या दवाखान्यात फोनवर नंबर लावला. उपाशीपोटी साडेतीन तास एका गार खोलीत बसले. माझ्या लुगड्याचा वास येतो म्हणून शेजारची बाई दोन खुर्च्या पलीकडे सरकली. आत गेले तर डॉक्टर कॉम्प्युटरशी बोलत होता. म्हटलं, पाय बघा ना. तर म्हणाला, "पायाचे डॉक्टर वेगळे, त्यांचा वार गुरुवार." माणसाचे असे वाटे घातलेत, आये, आपण सुरमईचे घालतो तसे. त्यानं चोवीस युनिट केली. पुढे सरकारी दवाखान्यात आणखी एकानं तीस केली. मी घरी येऊन सगळ्यांना मोप शिव्या घातल्या. सून म्हणाली, "आई, ते काय मुद्दाम करतात का?" म्हटलं, मुद्दाम केलं असतं तर निदान माझ्याकडे बघितलं असतं.

आणि औषध मी नेमानं घेत होते. सुईची मला भीती नाही, आयुष्य काटे काढण्यात गेलं. औषधवाल्यानं बाटली देताना बजावलं होतं, "आजी, थंड जागी ठेवा, नाहीतर खराब होईल." आता थंड म्हणजे काय हे मला कुणी सांगायचं? सुनेचा फ्रीज आहे, पण इथे वीज गेली की तासन्‌तास येत नाही, आतलं दूध फाटतं. शिवाय मी फ्रीजला हात लावला की ती हँडल पुसून घेते, मला दिसत नाही असं तिला वाटतं. माझी थर्माकोलची पेटी मात्र दीड दिवस हलत नाही. खाली बर्फ, वर म्हावरं, वर पुन्हा बर्फ, आणि त्यावर मूठभर खडेमीठ. ते तूच शिकवलंस. मी बारा-तेरा वर्षांची असेन, रेवसच्या धक्क्यावर आपण लाँचची वाट बघत बसलोय. मीठ विसरले म्हणून मी नुसताच बर्फ घातला आहे आणि पलीकडे पोचेस्तोवर पापलेटांचे डोळे बसलेत. तू सगळ्या बायांसमोर माझ्या कानाखाली काढतेस. "नुसता बर्फ म्हंजे पानीच. मीठ घातलंस का बर्फ चावतो. बर्फ चावला का म्हावरं मरत न्हाय." मेलेलं म्हावरं आणखी काय मरणार, असं मी म्हटलं नाही, कारण दुसरा गाल शिल्लक होता. त्या दिवसापासून माझ्या पेटीतलं म्हावरं कधी मऊ पडलं नाही. आजही गावात लग्न असलं की माझीच पेटी मागतात. तर मी बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधली आणि पेटीच्या तळाला, मिठाच्या बर्फात पुरली. सकाळी काढायची तेव्हा ती दगड झालेली असायची. मुठीत धरून, नाहीतर काखेत दाबून ऊब द्यायची, वितळली की औषध सुईत ओढायचं. आत दाणे दिसायचे. मला वाटायचं, घट्ट झालं म्हणजे औषधाला जोर आला.

शिमग्याच्या आधी सरकारी दवाखान्यात डॉक्टरच्या खुर्चीत एक पोरगी होती. ही पण नवीच, हिनं पण विचारलं कधीपासून, घरात कुणाला. मी सांगितलं, तुमच्या आधीच्या चौघांनी लिहून घेतलंय, त्यांना विचारा. ती हसली नाही, रागावलीही नाही. उठली, पट्टी सोडली आणि खाली उकिडवी बसून माझा पाय हातात घेतला. एवढ्या महिन्यांत तो कुणी हातात घेतला नव्हता. नर्स पट्टी बांधायची ती पण चिमट्यानं. "आजी, ही महिनाभर अशीच राहिली तर बोट काढावं लागेल," ती म्हणाली. "आणि ते बोटावर थांबेल असं मी सांगू शकत नाही." मग तीस युनिटचा आकडा बघत बसली. "एवढं घेऊन शुगर उतरत कशी नाही? सुई कुठे टोचता, दाखवा." पोटावरची जागा दाखवली. "बाटली कुठे ठेवता?"

फ्रीजमध्ये, मी म्हटलं.

का म्हटलं, विचारू नकोस. तिचा कोट पांढराशुभ्र होता आणि माझी पेटी कशी असते ते तुला माहीत आहे. ती म्हणाली, "दारात ठेवता ना? बर्फाजवळ नको. एकदा गोठलं की ते औषध राहत नाही, पाणी होतं. पुन्हा वितळलं तरी उपयोग नाही." मी म्हटलं, "येवडं काय आमाला कळत न्हाय?" आणि तिथून उठले ते दवाखान्याच्या पायऱ्यांवर येऊन बसले. चार महिने, आये. चार महिने मी पोटात पाणी टोचत होते, आणि डॉक्टर पाण्याचा डोस वाढवत होते, आणि मी त्यांच्या आयांचा उद्धार करत होते.

घरी येऊन बाटली गटारात ओतली. सुनेला सांगितलं फुटली, नवी आण. नवी फ्रीजच्या दारात लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवली. सून म्हणाली, "आई, मग एवढे दिवस कुठं ठेवत होतात?" म्हटलं, तुझ्या माहेरी. पुढचं तिनं विचारलं नाही. मीही पुढचा विचार केला नाही, तीच चूक. कागदावर तीस लिहिलं होतं, तर मी तीस घेत राहिले. पाण्याचं तीस वेगळं आणि खऱ्या औषधाचं तीस वेगळं, हे एवढं बोट वाचवायच्या घाईत डोक्यात आलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बाजारात बसले होते, बोंबील साफ करत. हात कापायला लागला. उन्हात बसले नव्हते तरी घाम असा की चोळी ओली. गिऱ्हाईक काय बोलतंय ते दुरून ऐकू यावं तसं. शेजारी बसते ती म्हातारी ओरडली, "काय गो, डोलं काय फिरवतंस? तोंड पांढरं फटक झालंय तुजं." मी तिला म्हटलं, "तू गप, तुजं काय गुलाबी हाय?" आणि कोयती हातातून गळली. तिच्या नवऱ्याला शुगर होती, तो असाच करायचा. तिनं चहावाल्याच्या डब्यातली साखर मूठ भरून माझ्या तोंडात कोंबली आणि माझं नाक दाबून धरलं, नको म्हणता येऊ नये म्हणून. "गिल," म्हणाली, "मेलीस तर तुज्या जागेवर मी बशीन." घटकाभरानं सगळं पुन्हा जागेवर आलं. बोंबील तसेच अर्धे राहिले होते.

मग मात्र मी ठरवलं की त्या पोरीला जाऊन खरं सांगायचं. सांगितलं नाही तर डोस कोण उतरवणार? उतरवला नाही तर पुढच्या खेपेला साखर कोंबायला कोणी शेजारी असेल असं नाही, आणि भीतीनं औषध सोडलं तर पाय जाणार. पहिल्या एस्टीनं गेले. वाटभर वाक्य जुळवत होते. रांगेत दोन तास उभी राहिले, दार उघडलं, तर खुर्चीत नवं पोर! ती बदलून गेली, तीन दिवस झाले म्हणाला. आये, मला इतका राग आला की परत फिरणार होते. आयुष्यात एकदा खोटं कबूल करायला निघाले, तर ज्या माणसाशी खोटं बोलले तेच नाही. त्यानं नवा कागद ओढला. "बसा आजी. शुगर कधीपासून? घरात कुणाला—"

"आधी माजं ऐका," मी म्हटलं. "लिवू नका. ऐका."

आणि सांगितलं. पेटी, बर्फ, मीठ, काखेतली ऊब, फ्रीज म्हणून बोललेलं खोटं, बाजारातली साखर, सगळं. त्यानं पेन खाली ठेवलं. आधी हसू दाबत होता, मग साखरेचं ऐकून दाबायचं थांबला. लगेच बोट टोचून शुगर बघितली, तीसचं बारा केलं, रोज सकाळी मोजून लिहायला सांगितलं, आठवड्यानं बोलावलं. पट्टी सोडून जखम बघितली. "कडा लाल व्हायला लागल्यात," म्हणाला, "हे चांगलं आहे. पण अजून सांगता येत नाही." तीन आठवडे झाले, अजूनही सांगता येत नाही असंच म्हणतो. जखम बोटाच्या नखाएवढी उरली आहे. मी दिवसातून दहा वेळा बघते, बघितल्यानं भरत नाही हे ठाऊक असून.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी उठता उठता त्यानं विचारलं होतं, "पण आजी, औषध बर्फात आणि मिठात ठेवायचं, हे तुम्हाला सांगितलं कुणी?" तू तर इन्सुलिनची बाटली जन्मात बघितली नव्हतीस. तरी माझ्या तोंडून आलं, "आयेनं." सगळं तुझ्यावर ढकलून मोकळी झाले. तो कागदावर लिहिता लिहिता म्हणाला, "मग पुढच्या वेळी त्यांनाही घेऊन या. मी समजावून सांगतो."

सत्तरीच्या बाईला आईला घेऊन या म्हणतो, समोर वय लिहिलेलं त्याला दिसत नव्हतं. दुसरा कुठला दिवस असता तर मी त्याला तिथेच सोलला असता. त्या दिवशी मात्र नुसतं "आणते," म्हटलं, आणि बाहेर आले.