चिरंजीव रडत नाहीत

तीर्थरूप आत्या,

...आणि एवढं बोलून तू फोन ठेवूनच दिलास, मला तोंड उघडायला मिळालंच नाही, म्हणून लिहितोय. (पत्र मध्येच कट करता येत नाही.) आधी नमस्कार. गुडघा कसा आहे? काकांना ऐकू येत नाही की ते ऐकत नाहीत, याचा काही पत्ता लागला का?

तुझा मुद्दा मान्य आहे. घरात बायको नाही, मला वरण-भातापलीकडे काही येत नाही, आणि डायरेक्ट सहा वर्षांचं पोरगं दत्तक घ्यायला निघालोय. एकटा पुरुष काय सांभाळणार? पण आत्या, प्रॉब्लेम वेगळाच झाला. कागदपत्रं पुरी व्हायच्या आधीच पोरगं माझ्याकडे राहायला आलंय, आणि ते इतकं शहाणं निघालं की मीच घाबरलो. पाणी प्यायचं तरी विचारणार. आंघोळ झाली की बाथरूम पुसून बाहेर येणार. (मी कधी पुसल्याचं तुला आठवतं? मलाही नाही.) दत्तक देणाऱ्या संस्थेतल्या समुपदेशक बाईंना हे कौतुकाने सांगायला गेलो, तर त्या म्हणाल्या, कौतुक कसलं, तो अजून पाहुण्यासारखा राहतोय. ज्या दिवशी तुमच्यापुढे हट्ट करेल, त्या दिवशी समजा घर त्याचं झालं.

झालं! मी कामालाच लागलो. कार्टून ऐन शेवटाला बंद केलं, तर म्हणतो, चालेल, डोळ्यांना आराम. (बाप चष्म्याच्या दुकानात असला की असं होतं.) त्याच्या वाटणीचं आइस्क्रीम त्याच्यासमोर चाटूनपुसून खाल्लं, तर तोंड पुसायला रुमाल दिला. शेवटी मीच वैतागून उशी आपटली आणि ओरडलो, अरे, रड की जरा! तर माझ्यासाठी पाणी घेऊन आला आणि पाठ थोपटत बसला. आत्या, मला खरंच रडू आलं. हा माझ्याकडे राहतोय, पण माझा होतच नाहीये, असं वाटलं.

मग काल शाळेला सुट्टी, म्हणून त्याला दुकानात नेलं. नंबर काढताना आम्ही ती जड, गोल, काचा बदलायची फ्रेम घालतो ना, ती त्याने नाकावर चढवली आणि म्हणाला, घरी नेणार. मी म्हटलं, नाही, मालकांची आहे. आणि काय सांगू तुला! धाडकन फरशीवर आडवा! असे पाय झाडले की स्टँडवरचे सगळे गॉगल खाली. डोळ्यांत औषध घालून बसलेल्या एक आजी चाचपडत विचारतायत, अहो, कोण गेलं? आणि मी टाळ्या वाजवत मालकांना हाका मारतोय, साहेब, लवकर या, रडतोय, रडतोय! मालकांनी पोराला कडेवर घेतलं आणि मला घरी जाऊन झोपायला सांगितलं.

तुझा लाडका (अजून असलो तर),
ढब्बू

ता. क. : आज सकाळपासून दोनदा झालं. एकदा दुधावरून, एकदा मोज्यांवरून. आता मला तेवढा आनंद होत नाही.

आणखी एक ता. क. : उद्या मला काही झालं तर याला कोण बघणार, हे कोर्टात एका नातेवाइकाने लिहून द्यावं लागतं, तोपर्यंत तो कायमचा माझा होत नाही. तुझं नाव घ्यायची माझी हिंमत नव्हती. पण काल फरशीवरून तो काय ओरडला, माहितीये? ‘तू घाणेरडा आहेस! मी आत्याआजीकडे राहायला जाईन!’ (तुझा फोटो दाखवलाय. तू आमच्यावर चिडलीयेस हे सांगितलेलं नाही.) म्हणजे रुसून कुठे जायचं, ते त्याने परस्पर ठरवून टाकलंय. मग देऊन टाकू तुझं नाव? तुला काय वाटतं?