काळ्या ओट्यावर पांढरी टाइल

आई, मुरूडच्या घरातला तुझा ओटा आता दिसत नाही. तुझ्या काळ्या शहाबादी फरशीवरच धाकट्याने पांढरी गुळगुळीत टाइल चिकटवून घेतली. फोनवर म्हणाला, "फोडाफोडी न्हाई, धूळ न्हाई, एका दिसात काम झालं." माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली. तू गेल्यापासून ज्याने भिंतीला साधा चुना लावला नाही, त्याला एकाएकी ओटा चकाचक करावासा का वाटावा? घर विकायला काढलंय, गिऱ्हाइकाला दाखवायला नटवलंय, असं मनाने घेतलं आणि मी नांदेडहून सकाळची एसटी धरली.

हा संशयी स्वभाव तुझाच. ओटा बांधला तो दिवस अजून दिसतो: तू लाटण्याने फरशी ठोकतेयस, कान लावतेयस आणि मिस्त्रीला म्हणतेयस, "हितं पोकळ वाजायलंय. काढा ती." तो हात जोडतो, बाबा दारातूनच मागे फिरतात, आणि फरशी निघतेच. मी हसले म्हणून मलाही एक रट्टा मिळाला होता.

घरी पोचले तर नवराबायको दोघंही नको तितके गोड. भावजय ओट्याशीच घुटमळत होती, बोटांनी कड चाचपत होती. "जुना काय वाईट होता गं?" विचारलं, तर तिने भावाकडे तोंड फिरवलं. जेवणं झाल्यावर ती माझी ओटी भरायला बसली. नवी साडी, खण, नारळ. सण नाही, वार नाही, आणि साडी? आपल्याकडे बहिणीला अशी साडी कधी नेसवतात, हे तुला सांगायला नको. घरावरचा हक्क सोडल्याची सही घ्यायची असते तेव्हा. कुंकू लावताना तिचा हात कपाळ चुकून भुवईवर गेला. मनात पाप आहे म्हणून हात चुकतोय, असं मी ठरवूनच टाकलं. "सही कुठं करायची तेवढं सांगा," मी म्हणाले.

भाऊ जवळ सरकला. "कशाची सही, अक्का?" मग आवाज उतरवून म्हणाला, "साखरेनं हिचे डोळे नेलेत. काळ्या फरशीवर विळी ठेवलेली दिसंना, हात कापून घेती. पांढऱ्यावर जरा उमगायलंय. तुला सांगू नको म्हणली. अन् साडी, तू लई दिसांनी आलीस म्हणून." भावजय पदराने माझ्या भुवईवरचं कुंकू पुसायला बघत होती. तेही तिला नीट सापडत नव्हतं.

तिचा हात धरून मीच कपाळावर नेला. लाज वाटली, आई. परतल्यावर शेजारणीला सांगितलं की आईच्या ओट्यासाठी जीव तुटला म्हणून गेले होते. तुझ्यापाशी ते चालायचं नाही. मी ओट्यासाठी गेलेच नव्हते, माझा हिस्सा बुडतो की काय म्हणून गेले होते. आणि त्याने खरंच कागद पुढे केला असता, तर मी सही केली नसती.