मुखवटा माझा, डोके पॉलिसीचे

३ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी.

कालच्या पहिल्या नाट्यवर्गाचा वृत्तांत ‘पॉलिसी’ने रात्रीच ग्रुपवर टाकला आहे. तो वाचून चहा गार झाला. वर्ग साडेपाचला नव्हे, पावणेसहाला सुरू झाला. कारण हॉलची किल्ली शिक्षिकेच्या पर्समध्ये होती आणि पर्स तिच्या घरी होती. मुखवटे प्लॅस्टिकचे नसून चामड्याचे आहेत, आणि ते कपाळापासून वरच्या ओठापर्यंतच असतात. ‘आमच्यातले एक सर जरा घसरले’ हे विधान तर निव्वळ दिशाभूल आहे. मी घसरलो नाही. मालक बसू लागला की नोकराने खुर्ची ओढायची, हा या नाट्यप्रकारातला ठरलेला विनोद. खुर्ची ओढली जाणार आहे हे मला कळवण्यात आले नव्हते, एवढेच. याबाबत दुमत असू शकत नाही.

खुर्ची पॉलिसीने ओढली होती. हा गृहस्थ निवृत्त विमा एजंट असून सर्वांना स्वतःहून ‘मला पॉलिसी म्हणा’ असे सांगतो. माणसाला त्याच्या मरणाबद्दल हसत हसत बोलते करण्यात त्याची तीस वर्षे गेली. सौ. कोपऱ्यात बसून पोशाखांना अस्तर लावत होती. मी पडल्यावर ती हसली. तोंडाला कापड लावून हसली, पण हसली.

तिला तिथे एकटीने येताजाता त्रास नको म्हणून मी वर्गात नाव घातले. नाट्यकला माझ्या रक्तात आहे, हे वेगळे कारण. छापखान्यात प्रुफे तपासताना मी संवाद मोठ्याने म्हणत असे. सहकारी दार लावून घेत.

५ फेब्रुवारी, गुरुवार

कोमेडिया देल्लार्ते. (पॉलिसी लिहितो ‘कॉमेडी डेल्ला’.) मुखवटे घालून चौकात सादर करायचे जुने विनोदी नाटक. पात्रे ठरलेली: चिक्कू म्हातारा, बढाईखोर सरदार, हावरा नोकर, प्रेमिक. संवाद मात्र लिहिलेले नसतात. कथानकाचा एक कागद पडद्यामागे टांगतात. नटाने तो वाचायचा आणि पुढे जाऊन सुचेल ते बोलायचे. लिहिलेले नसेल तर तपासणार कोण, असे मी विचारले. शिक्षिका म्हणाली, “तीच तर मजा आहे, सर.” तिशीतली आहे. सुधारेल.

पात्रांत एक दोत्तोरे आहे, म्हणजे पंडित. सर्व नाटकात शिकलेला असा हा एकटाच. ती भूमिका कोणाकडे जाणार हे सांगण्याची गरज नाही. सौ.ला सहज म्हटले, काळ्या झग्याचे माप आजच घेऊन ठेव. ती म्हणाली, “राहू द्या. आधी ठरू तर द्या.” ही तिची जुनी सवय.

९ फेब्रुवारी, सोमवार

दोत्तोरे: पॉलिसी.

१० फेब्रुवारी, मंगळवार. पहाटे.

शांतपणे विचार केला. शिक्षिकेचा निर्णय समजण्यासारखा आहे. खऱ्या पंडिताला पंडित करायला लावणे यात कला ती काय? म्हणून मला अवघड भूमिका दिली आहे. मी मुका नोकर आहे. शिडी घेऊन येतो, शिडी घेऊन जातो. “सर, तुम्हाला एकही वाक्य नाही,” असे तिने दोनदा सांगितले, दुसऱ्यांदा जरा मोठ्याने. गेल्या तीन प्रवेशांत मी नोकर करणाऱ्या कॉलेजवालीला मध्येच थांबवले, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. ती ‘मी येतो’ म्हणत होती. नोकर झाली तरी ती मुलगी आहे.

पॉलिसीचा मला हेवा वाटत नाही. त्याचा झगा सौ. शिवते आहे, तेही मला चालते. गळ्याला तिने दुहेरी टीप घातली. माझ्या सदऱ्याचे बटण गेल्या महिन्यापासून तुटलेले आहे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

नवा अभ्यास. प्रत्येकाने ओळखीतला एक जिवंत माणूस निवडायचा, त्याच्यावर गुपचूप नजर ठेवायची आणि त्याची चाल, हातवारे, बोलण्याची लकब मुखवट्याखाली आणायची. माणसाचे नाव कोणी कोणाला सांगायचे नाही.

मी पॉलिसीला निवडले. हेतू शुद्ध अभ्यासाचा. चालताना तो पोट आधी पाठवतो, मग स्वतः येतो. बोलताना समोरच्याच्या कोपराला धरतो. सौ.चेही धरले. नोंद केली.

संकल्प: आजपासून कोणाची चूक दाखवायची नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

औषधाच्या दुकानातली पाटी अगदीच असह्य होती. संकल्प सोमवारपासून.

१५ फेब्रुवारी, रविवार

पॉलिसी घरी आला. निमित्त काय, तर त्याच्या सोसायटीची पाण्याची नोटीस तपासून हवी होती. मी दहा ओळींत चौदा दुरुस्त्या केल्या. तो समोर बसून माझ्याकडे टक लावून पाहत होता. “थांबा, थांबा, तो चष्मा पुन्हा पुसा ना,” म्हणाला. मी पुसला. मग विचारले, “बोट नेहमी डावंच वर करता का हो?” मी त्याला सांगितले की उजव्या हातात लाल पेन असते. हे ऐकून त्याला एवढा आनंद का व्हावा? उशिरा का होईना, माणसाला विद्येची ओढ लागली आहे.

जाताना दारात सौ.शी बराच वेळ हळू आवाजात बोलत होता. दोघे हसत होते. मी आत गेल्यावर जास्त हसले.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

पॉलिसीने आज दोत्तोरे करून दाखवला. माझे मत निःपक्षपातीपणे नोंदवतो: भिकार.

प्रवेश असा. चिक्कूच्या घराला आग लागली आहे. नोकर ओरडत येतो, “आग लागला! आग लागला!” दोत्तोरे त्याला थांबवतो. चष्मा काढतो, बाहीला पुसतो, दोनदा खाकरतो, डावे बोट वर करतो आणि म्हणतो, “लागली. आग स्त्रीलिंगी आहे. याबाबत दुमत असू शकत नाही.” मग आगीची व्युत्पत्ती सांगत बसतो, तोवर घर जळून जाते.

सगळा वर्ग लोळत होता. कॉलेजवाली तर भिंतीला धरून उभी होती आणि मधूनमधून माझ्याकडे बघत होती. बहुधा माझी दाद अपेक्षित असावी. मी दिली नाही. वर्ग संपल्यावर पॉलिसीला बाजूला घेऊन समजावले की असा माणूस जगात असूच शकत नाही. घर जळत असताना लिंग कोण तपासेल? आधी आग विझवावी, मग सावकाश लेखी कळवावे. तो गंभीरपणे म्हणाला, “लेखी! हे राहिलंच होतं. घालतो.”

सौ. डोळे पुसत होती. इतकी हसलेली मी तिला पाहिलेली नाही. वाटेत ती म्हणाली, “किती हुबेहूब केलं हो!” कोणासारखे, असे मी विचारले. “आहे एक ओळखीचा.”

२० फेब्रुवारी, शुक्रवार

झोप नाही.

हा ओळखीचा कोण? तिच्या भावाचे मेहुणे खाकरतात, पण चष्मा लावत नाहीत. गच्चीवर कपडे वाळत घालताना ती ज्यांच्याशी बोलते ते निवृत्त तलाठी चष्मा लावतात, पण त्यांना लिंगभेद कळत नाही. दुपारी बेताने विषय काढला. तो माणूस तुला कसा वाटतो? ती शेंगा सोलत होती. म्हणाली, “वैताग आहे नुसता. पण मनाने चांगला. एकदा सवय झाली ना, की घरात नसला तर करमत नाही.”

घरात!

 लाल पेनाचे टोपण चावून मोडले.

२१ फेब्रुवारी, शनिवार

संकल्प: सौ.ला आपण हसवायचे. जेवताना पॉलिसीसारखा पोट पुढे काढून आलो आणि तिचे कोपर धरले. तिने आमटी सांडली आणि विचारले, “चक्कर येतेय का? बसा. डॉक्टरला फोन करू?”

२३ फेब्रुवारी, सोमवार

तलाठ्यांना जिन्यात गाठून ‘आग’ शब्द चालवायला सांगितला. त्यांना येत नाही. तलाठी बाद.

२ मार्च, सोमवार

रंगीत तालीम. पडद्यामागे टांगलेल्या कागदावर इतक्या चुका होत्या की मला राहवले नाही. लाल पेनाने सर्व दुरुस्त केल्या. समासात आवश्यक तेवढ्याच टिपा दिल्या. अंधारात नटांना म्हणे लाल शाई वाचता येत नाही. सरदार आगीऐवजी लग्नाच्या प्रवेशात बादली घेऊन शिरला आणि नवरीला भिजवून परत आला. शिक्षिकेने माझ्याकडून पेन मागून घेतले. प्रयोगानंतर मिळेल.

पॉलिसी तिला म्हणाला, “रागावू नका. सर आहेत म्हणून तर हे सगळं आहे.” त्याची ही लाडीगोडी मला सहन होत नाही.

६ मार्च, शुक्रवार

उद्या प्रयोग. मी उद्या तोंड उघडणार नाही. मुक्या नोकराच्या रूपाने मी असे काही उभे करणार आहे की पॉलिसीकडे कोणी पाहणार नाही. आणि तो ‘ओळखीचा’ प्रेक्षकांत आला असेल तर तोही पाहील की सौ. कोणाची पत्नी आहे.

आजपर्यंत बोललो नाही असे झालेले नाही; पण आजपर्यंत प्रयोगही झालेला नाही.

८ मार्च, रविवार. दुपारी.

जे घडले ते क्रमाने लिहितो.

हॉल भरला होता. खिडकीच्या कट्ट्यावरही माणसे होती. मी शिडी घेऊन आलो. पॉलिसीच्या चालीने, पोट पुढे. थोडे हसू आले. मग आगीचा प्रवेश. पॉलिसी बोट वर करून म्हणाला, “आग पुल्लिंगी आहे. याबाबत दुमत असू शकत नाही.”

त्याने तालमीतले वाक्य बदलले होते. मुद्दाम बदलले होते, हे आज समजते. मी ओठ आवळले. शिडी घट्ट धरली. तो पुन्हा म्हणाला, “तो आग.” मी नजर वळवली. तिसऱ्यांदा तो थेट माझ्याकडे पाहून म्हणाला, “ते आग!”

मी शिडी खाली ठेवली. चष्मा काढायला गेलो, तो मुखवट्याखाली अडकला, तरी काढला. बाहीला पुसला. दोनदा खाकरलो. डावे बोट वर केले. म्हणालो, “ती आग. याबाबत दुमत असू शकत नाही.”

त्यानेही चष्मा काढला, पुसला, खाकरला. आम्ही समोरासमोर दोन बोटे वर करून उभे होतो. मी त्याचे सुधारले, त्याने माझे सुधारले. मागे घर जळतच होते. हशा असा की पुढचे वाक्य सुचले तरी बोलता येईना. पहिल्या रांगेत सौ. होती, तिच्या तोंडाला कापड नव्हते.

तो हशा माझा आहे या खात्रीने रंगमंचावरून खाली आलो. एक अनोळखी गृहस्थ पुढे आले, पॉलिसीचे दोन्ही हात हातांत घेऊन “वा!” म्हणाले आणि मग माझ्याकडे वळून समजुतीच्या स्वरात म्हणाले, “तुम्हीही यांची नक्कल बरी केलीत. पण ह्यांच्यासारखी सहजता नाही हो. जरा ओढूनताणून वाटते.”

ओढूनताणून. मी.

घरी येताना सौ.ला शेवटचे विचारले: तो ओळखीचा आला होता का? ती रस्त्यातच थांबली. “अजून नाही कळलं?” मी म्हटले, नाही. तिने माझा चष्मा काढून घेतला, पदराला पुसला, परत माझ्या नाकावर ठेवला आणि पुढे चालू लागली.

मी कोपऱ्यापर्यंत विचार करत होतो.

१२ मार्च, गुरुवार

दुसरा प्रयोग ठरला आहे. पॉलिसी मुलीकडे जाणार आहे, त्यामुळे दोत्तोरे मला मिळाला. शिक्षिकेने आज माझी परीक्षा घेतली. मी चष्मा पुसला, खाकरलो, बोट वर केले. ती हनुवटीवर हात ठेवून बघत राहिली आणि म्हणाली, “सर, जरा खोटं वाटतंय. पॉलिसीकाका जायच्या आधी त्यांच्याकडून शिकून घ्या ना.”

संध्याकाळी पॉलिसीकडे जाऊन आलो. त्याने कोपर धरून मला आरशापुढे उभे केले. “बोट अजून वर. खांदा सैल. आणि असं वाटू द्या की तुम्ही जगावर उपकार करताय.” मी सांगितले की मला तसे कधीच वाटलेले नाही. तो म्हणाला, “हं, हाच आवाज! हाच धरून ठेवा.” तीन वेळा करून घेतले. तिसऱ्या वेळीही त्याचेच चांगले झाले.

काळा झगा मला खांद्यांत सैल होतो. सौ. आत घेते आहे. दुहेरी टीप तशीच ठेवायला सांगितली आहे. सदऱ्याचे बटणही लावून झाले.

पॉलिसीने ग्रुपवर ‘आमच्या नाटकाची गोष्ट’ टाकली आहे. तीत तारखांचा नेहमीचा गोंधळ आहे. पेन परत मिळाले असल्यामुळे येथे दुरुस्त करून ठेवतो.

वर्गारंभ: १ फेब्रुवारी नव्हे. २ फेब्रुवारी, सोमवार.

भूमिकावाटप: १२ फेब्रुवारी नव्हे. ९ फेब्रुवारी.

‘मी सरांचे निरीक्षण १५ फेब्रुवारीला त्यांच्या घरी सुरू केले’: चूक. २ फेब्रुवारीला, खुर्ची ओढल्यानंतर, मी जमिनीवर बसून किल्लीच्या उशिराबद्दल बोलत असताना. तेव्हाच तो टक लावून पाहत होता.

प्रयोग: ८ मार्च नव्हे. ७ मार्च, शनिवार.

त्या गोष्टीखाली ग्रुपवरच सौ.ने उत्साहाने जोडले आहे की दोत्तोरे ज्याच्यावरून घेतला तो गृहस्थ तिला प्रथम भेटला १४ मे रोजी, तिच्या मावशीकडे, आणि आल्या आल्या त्याने दारावरची पाटी सुधारली. हेही चूक. १५ मे, संध्याकाळी. मी स्वतः तेथे हजर होतो.