समोरची प्लॅटिनमची तार

सौ. सहधर्मचारिणीस सप्रेम नमस्कार.

इथे लेकीकडे आम्ही दोघे खुशाल आहोत. लेक वेळेवर जेवते, असे तिनेच कळवायला सांगितले आहे. तुझी कंबर कशी आहे?

हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या इंधनघटात उत्प्रेरक म्हणून महागड्या प्लॅटिनमऐवजी आपली लेक ग्राफीनवर, म्हणजे कार्बनच्या अणुभर जाडीच्या पापुद्र्यावर, चांदीचे अतिसूक्ष्म कण बसवते. चाचणीत ते प्लॅटिनमच्या तोडीचे ठरले, म्हणून सारे तिची पाठ थोपटत होते. प्रबंध याच महिन्यात सादर व्हायचा होता.

परवा तिच्या ध्यानात आले, की चाचणीच्या पात्रात विजेचे मंडल पूर्ण करायला समोर लावलेली प्लॅटिनमची तार झिजत होती आणि ते प्लॅटिनम चांदीवर चढत होते.

“बाबा, राबत होतं प्लॅटिनम आणि मिरवत होती चांदी!”

“आणखी कुणाला कळलं होतं?”

“कुणालाच नाही.”

“मग?”

“मला कळलं ना!”

तिने स्वतःच मार्गदर्शकांना सांगितले. तारेऐवजी कार्बनची कांडी लावून पुन्हा मोजले. चांदीच्या कामगिरीचा आकडा निम्म्यावर आला. तोच तिने ठळक अक्षरांत लिहिला. आयुष्यभर इतरांच्या चुका काढणारा मी ते पाहून नतमस्तक झालो.

प्रबंध आता नव्याने लिहायचा, म्हणून तिचे घरी येणे सहा महिने लांबले आहे. फोनवर रडू नकोस. आपल्या दोघांच्या वाटणीचे मी इथे, तिच्या नकळत, रडून घेतले आहे.

तुझाच,
हट्टी सहचर