पंप सांगेल तेवढीच गुंगी

५ जानेवारी
पंप आला! पेशंटचं वय, वजन, उंची टाका; मेंदूत गुंगीचं औषध किती पोचलं ते स्क्रीनवर दिसतं आणि त्या बेतानं पंपच औषध सोडतो. आता पेशंटच्या तोंडाकडे बघत बसायला नको. अकोल्यातल्या भुलीच्या डॉक्टरांत आपणच पुढे. साधनाला फोटो पाठवला. दिवाळीपासून अमरावतीला माहेरी आहे, हवापालट म्हणून. उत्तरात नुसता अंगठा. खूश दिसते.

९ जानेवारी
डॉक्टर-दोस्त वकारच्या दवाखान्यात हिवरखेडच्या मनकर्णाबाई. पोटाची दुर्बीण. वजन विचारलं तर मुलगा म्हणे, अर्धा क्विंटल धरा ना साहेब. धरलं. स्क्रीनवर आकडा एकदम पर्फेक्ट, आणि बाईचा श्वास बंद! मी आकडाच बघत होतो. वकार ओरडला तेव्हा हनुवटी उचलली, ऑक्सिजन दिला. बाई वाचली. नंतर काट्यावर भरली अडतीस किलो. म्हणजे पंप बरोबर, बाई चूक.
वकार म्हणे, यार श्याम, तो आकडा रक्तातून नाही येत, हिशेबातून येतो. माणसाकडे बघत जा. जळतो लेकाचा.

१२ जानेवारी
ठरलं. वकारला स्वतःवरच करून दाखवतो. डब्याच्या कृपेनं ॲसिडिटी आहेच. माझीच दुर्बीण, माझाच पंप, वजनही मीच टाकणार. बाहत्तर. काटा एक्याऐंशी म्हणतो, पण खिशात मोबाइल होता.
वकारची अट: गुंगी घेणाऱ्याला एकटं घरी सोडणार नाही, घरचं माणूस पाहिजे. हे मीच रोज पेशंटला सुनावतो, म्हणून जास्त राग आला. साधनाला मेसेज टाकला, अठराला ये, विज्ञानासाठी.

१४ जानेवारी
साधनाचं उत्तर: बघते. तिचं बघते म्हणजे होच. लग्नालाही बघतेच म्हणाली होती.

१६ जानेवारी
गाद्या उन्हात टाकल्या. जाळी काढली. शेजारच्या पौर्णिमाताई म्हणे, पाहुणे येऊन राहिले काय हो डॉक्टर? म्हटलं, पाहुणे कायचे, घरचंच माणूस. संध्याकाळी घर खायला उठलं. टीव्ही मोठ्यानं लावून दुसऱ्या खोलीत बसलो.

१८ जानेवारी, सकाळी
उपाशीपोटी स्टेशनवर. अमरावतीची गाडी आली, रिकामी झाली, गेली. साधना फोन उचलेना. मग मेसेज आला: विज्ञानासाठी मी कशाला?
उत्तर तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. शेवटी ‘ओके’ पाठवलं.

१८ जानेवारी, दुपारी
वकार म्हणे, अमरीनला बोलावतो, ती सोडेल घरी. म्हटलं, वहिनींना कशाला त्रास, गुंगीच नको, घशात बधिरीचा स्प्रे मार अन् घाल नळी. पंप बाजूला बंद होता. त्याचा काही दोष नाही.
नळी घशात गेली अन् डोळ्यांतून धार लागली. वकार म्हणे, होतं, सगळ्यांचंच होतं. मान हलवली.
नळी काढली. तो हात धुऊन आला, रिपोर्ट लिहिला, चहा मागवला. तरी धार थांबेना. मग त्यानं दार आतून लावून घेतलं.